हमीत न बसणारी काजळी

सोमवार, १ एप्रिल २०१९

घुंऽऽऽ — मग एक श्वास — आणि पुन्हा घुंऽऽऽ, वरच्या सुरात. साठ वर्षं उलटली, कानातून गेलेला नाही. १९५८चा जुलै. गेर्लिंगेनची शाळा, खिडक्या सताड उघड्या, आणि जंगलापलीकडे सोलिट्यूडच्या वळणांवर शर्यतीच्या गाड्यांचा सराव चाललेला. श्टाइनलेबाई आमच्याकडून एक लांबलचक कथाकाव्य घोकून घेत होत्या. टेबलावर फूटपट्टीचा ठेका. ओळीच्या मध्यावर यती आला की जरा थांबायचं — आणि नेमकी तेव्हाच तिकडे गाडी गिअर बदलायची! बाईंची फूटपट्टी हवेतच राहिली. म्हणाल्या, "ऐका रे. बाहेरही कुणीतरी पाठांतर करतंय."

त्या एका वाक्यापायी मी सदुसष्टाव्या वर्षी ही गाडी घेतली. गडद निळी, दोन दारांची, सहा सिलिंडर. माझी बायको रोझविटा म्हणाली होती, "लोक या वयात कुत्रा पाळतात."

आज हंगाम उघडला. नंबरप्लेटवरच छापलंय — ०४, खाली १०. एप्रिल ते ऑक्टोबर रस्त्यावर, बाकीचे पाच महिने गॅरेजात. सकाळी आठला नवा शर्ट घालून खाली गेलो. किल्ली फिरवली आणि — ठेका चुकला! सहा मात्रांमधली चौथी गळते. गाडी थरथरली, खोकली, पिवळा दिवा लागला. छत्तीस वर्षं माउथऑर्गनच्या कारखान्यात पितळी पात्या कानानं सुरात लावल्या मी. मला दिव्यानं सांगायची गरज नव्हती.

नवा शर्ट काढून ठेवला.

बुधवार, ३ एप्रिल

फ्रोमेलच्या मोटारगृहात गाडी दिली. झायझर मिस्त्रीनं इंजिनाचं वरचं नळकांडं उतरवलं, आत कॅमेऱ्याची बारीक नळी घातली आणि मला पडद्याकडे बोट दाखवलं. अरे देवा! झडपा कसल्या — करपलेल्या भांड्याचा तळ! काळे, खरखरीत, फुगलेले थर.

"काजळी," मिस्त्री म्हणाला. "पूर्वी पेट्रोल या झडपांवरून वाहत जायचं, धुतल्या जायच्या. आता थेट सिलिंडरात फवारतात. ताकद वाढली, पण झडपांची आंघोळ बंद. तेलाची वाफ येते, भाजते, बसते."

"उपाय?"

"अक्रोडाच्या टरफलांचा भुगा. हवेच्या जोरानं मारायचा. दिवसभराचं काम."

"हमीत?"

मिस्त्रीनं तोंड उघडलं. काचेच्या केबिनकडे बघितलं. तोंड मिटलं. "ते कोपलिनसाहेब सांगतील."

कोपलिन म्हणजे ग्राहकसेवेचा साहेब. उत्तरेकडचा. बोलताना प्रत्येक शब्द इस्त्री करून देतो. "माउखसाहेब, काजळी म्हणजे घाण. घाण हमीत येत नाही. घराची फरशी पुसायला तुम्ही बिल्डरला बोलावता का?"

"फरशीतूनच चिखल वर येत असेल तर बोलावतो!"

झायझर मिस्त्री एकदम खाली वाकून पाना शोधायला लागला. पाना त्याच्या हातातच होता.

गुरुवार, ४ एप्रिल

असली उत्तरं मला एरवी दोन दिवसांनी सुचतात. काल जागच्या जागी सुचलं. आज गाडी तशीच खोकत घरी आणली, आणि दिवसभर शीळ घालत होतो.

शुक्रवार, १२ एप्रिल

कोपलिनचं पत्र आलं. उभ्यानंच वाचलं, मग बसून पुन्हा वाचलं.

नवी घेतली त्याची दोन वर्षं आणि वर विकत घेतलेली तीन — हमी पुढच्या मेपर्यंत चालू आहे. तिथं वाद नाही. भाग सदोष निघाला तर ते दुरुस्त करणार, मालकानं चुकीची वापरली तर नाही. तिथंही वाद नाही. पण पुढे लिहितात : "काजळी सदोष भागामुळे नसून वापराच्या पद्धतीमुळे साचली आहे. वयस्कर मालक थंडीच्या दिवसांत वारंवार थोड्या अंतराच्या फेऱ्या मारतात, इंजिन पुरेसं तापत नाही."

वयस्कर मालक! थोड्या अंतराच्या फेऱ्या! पाव आणायला मी सायकलनं जातो. ही गाडी निघाली की आधी वीस किलोमीटर हळूहळू तापवतो, मगच ए-८१ महामार्गावर मोकळी सोडतो, थेट कॉन्स्टन्सच्या तळ्यापर्यंत. आणि परत.

जेवताना रोझविटाला वाचून दाखवलं. मसूर आणि श्पेत्झले होते. माझे गार झाले. ती म्हणाली, "मग पैसे भर आणि साफ करून घे. वर्षाची सहल त्यात जाईल, जाऊ दे."

"पैशाचा प्रश्न नाही! हे लिहितात की मला गाडी चालवता येत नाही."

"मी चार वर्षं तेच म्हणतेय."

ती या गाडीत एकदाच बसली. दोनशे तीसला डोळे मिटले, आणि परत येताना रेल्वेनं आली. तेव्हापासून तिचं एकच पालुपद — विकून टाक.

मी म्हणालो, "ठीक. लवादाकडे जातो. दोष माझा निघाला तर मी ही गाडी विकतो. त्यांचा निघाला तर तू पुन्हा 'विकून टाक' म्हणायचं नाहीस."

तिनं चमचा ठेवला. "हात पुढे कर." गुरांच्या बाजारात करतात तसा तिनं माझ्या हातावर हात मारला. चांगलाच लागला!

सोमवार, १५ एप्रिल

पत्राला उत्तर टाकलं. सोबत नंबरप्लेटचा ठळक फोटो. पुरावा एवढा नागडा होता की नुसतं गद्य पुरेना. खाली चार ओळी जोडल्या —

पाटीवरती चार ते दहा
ठसठशीत हे आकडे पाहा,
बर्फामध्ये हिंडली म्हणता?
चष्मा पुसून पुन्हा पाहा!

पाहाला पाहा, हे यमक नव्हे. श्टाइनलेबाईंनी कान धरला असता. पण कायदा माझ्या बाजूनं आहे! नोव्हेंबर ते मार्च ही गाडी रस्त्यावर आणणं गुन्हा. मग थंडीतल्या फेऱ्या कुठून आल्या?

पोस्टातून येताना जिना झाडला. या आठवड्याच्या झाडलोटीच्या पाळीची पाटी आमच्या दारावर आहे. झाडूसुद्धा आज ठेक्यात चालला.

बुधवार, २४ एप्रिल

कोपलिनचा फोन. ईस्टरच्या सुट्टीनंतर ताजातवाना.

"माउखसाहेब, तुमची कविता आम्ही सगळ्यांनी वाचली. छान आहे. पण गाडीच्या मेंदूत नोंदी राहतात. डिसेंबर ते मार्च — एकसष्ट वेळा थंड इंजिन सुरू. अंतर शून्य."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"तुमचं यंत्र खोटं बोलतंय!" म्हणालो. आणि फोन ठेवला.

बुधवारच, संध्याकाळी

कागदाशी खोटं बोलून काय मिळणार.

एकसष्ट. मला वाटलं होतं वीसेक असतील.

हिवाळ्यात दुपारची कॉफी झाली की मी खाली गॅरेजात जातो. रोझविटाला सांगतो, स्क्रू नीट लावून ठेवतो. स्क्रू सगळे २०१६ सालीच लावून झालेत. मी दार अर्धं वर करतो, गाडीत बसतो, किल्ली फिरवतो. तीन मिनिटं. कधी चार. आधी घोगरा, मग हळूहळू मोकळा होणारा आवाज. सहा मात्रा, यती, सहा मात्रा. डोळे मिटले की खिडक्या उघड्या असतात, बाहेर जुलै असतो, आणि मला ती कविता पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत येते. गाडी बंद केली की सातव्या कडव्याशी अडतो.

हे चालवणं नव्हे! चाक इंचभर हललेलं नाही.

पण पुस्तिका काढून बघितली. पान २१४ : "उभ्या गाडीत इंजिन तापवत बसू नये." मी तापवत बसलो नव्हतो. ऐकत बसलो होतो. ऐकू नये असं कुठल्याही पानावर नाही. चारशे पानं चाळली.

गुरुवार, २ मे

नवं पत्र, नवा सूर. "प्रकरण वाढवण्याची आमची इच्छा नाही. कोणतीही जबाबदारी मान्य न करता, निव्वळ मेहेरबानी म्हणून, खर्चाचे सत्तर टक्के आम्ही सोसू."

मेहेरबानी! हमी असेल तर द्या. नसेल तर देऊ नका. भिकाऱ्याच्या टोपीत नाणं टाकतात तसं सत्तर टक्के टाकून वर म्हणायचं, कशाचं ते विचारू नका!

"मेहेरबानी नको. हमी पाहिजे. माउख." एवढंच लिहून धाडलं. या वेळी कविता नाही. रागात वृत्त सांभाळलं जात नाही.

मंगळवार, १४ मे

मोटार कारागीर संघाच्या लवाद समितीची तारीख आली, ४ जून. तिघं बसतात : एक वकील, एक कारागीर, एक ग्राहकांच्या बाजूचा.

रोझविटा शतावरी सोलत होती. मान वर न करता म्हणाली, "त्या एकसष्टचं काय सांगणार आहेस?"

 मी तिला आकडा सांगितलेलाच नव्हता!

"कोपलिनचा फोन आधी मी उचलला होता, तू जिन्यात होतास. आणि त्याची गरजही नव्हती. चार हिवाळे तुझ्या स्वेटरला धुराचा वास येतोय. माझी बहीण म्हणाली, याचं कुठं बाहेर आहे वाटतं. म्हटलं, आहे ना. खाली गॅरेजात."

"मग बोलली का नाहीस?"

"वर येताना तू गुणगुणत यायचास," ती म्हणाली. सालं बाजूला केली. मग एकदम चिडली. "हे बघ ऑयगेन, तिथं जाऊन साळसूदपणा करू नकोस. यंत्रं चुकतात म्हण. तिघंही तुझ्याच वयाचे असणार, त्यांचा यंत्रांवर राग असणारच. तुझं तू हातानं का बुडवतोस?"

"मी हरलो तर गाडी विकली जाईल. तुला तेच हवंय ना?"

"मला तू जिवंत हवास. हरलेला नकोय." शतावरी पातेल्यात इतक्या जोरानं टाकली की दोन मोडल्या.

शुक्रवार, १७ मे

बाहेर कडक ऊन, रस्ता कोरडा. हंगामात गाडी गॅरेजात! शेजारचा सॅक्सोफोनवाला निवृत्त कारकून खिडकीतून ओरडला, "काय माउख, घोडा लंगडा का?" "घोडा ठणठणीत आहे, नालवाला चोर आहे!"

तीन वेळा खाली गेलो. किल्ली फिरवली नाही. नुसता बसलो. सातव्या कडव्याशी अडलो.

सोमवार, ३ जून

ठरवलं. खोटं बोलायचं नाही. भलेपणानं नव्हे, हट्टानं! त्यांनी लिहिलं होतं की मला चालवता येत नाही. ते खोटं आहे. ते खोटं पाडायला मी दुसरं खोटं कशाला उसनं घेऊ? छत्तीस वर्षांत एकही पाती बेसूर असताना पास केली नाही. उद्याही करणार नाही.

मंगळवार, ४ जून

सगळं क्रमानं लिहून ठेवतो.

लांब टेबल, पाण्याच्या बाटल्या. वकीलबाई मध्यभागी. समोर कोपलिन, त्याच्या शेजारी झायझर मिस्त्री — सदऱ्याचं वरचं बटण लावलेलं, मान खाली. कोपलिननं आलेख काढला. लाल खांब, एकसष्ट.

वकीलबाई म्हणाल्या, "माउखसाहेब, ही नोंद चुकीची आहे असं तुमचं म्हणणं आहे?"

"नाही. बरोबर आहे. फोनवर मी खोटं बोललो. सुरू मीच केली."

पाठीमागे रोझविटानं 'हंऽ' केलं.

"कशासाठी?"

"ऐकायला."

कुणी हसलं नाही, याचं मला अजून नवल वाटतं. समितीतला कारागीर, पांढऱ्या मिशांचा, पुढे झुकला. "किती वेळ?"

"तीन मिनिटं. फार तर चार."

"दार उघडं ठेवून?"

"अर्धं."

"मग ठीक," तो म्हणाला. जणू तेवढीच काळजी होती.

कोपलिननं पान २१४ वाचून दाखवलं. मी उठून उभा राहिलो. म्हणालो, "एकसष्ट गुणिले चार म्हणजे दोनशे चव्वेचाळीस मिनिटं. एका हिवाळ्यात चार तास! चार तासांच्या ऐकण्यानं ज्या इंजिनाचा घसा बसतो, ते दोनशे साठच्या वेगाचं म्हणून विकलं कसं? चूक केली असेन. पण एवढी काजळी माझी एकट्याची नाही. तेलाची वाफ वर येतेच कशी, ते यांना विचारा!"

वकीलबाईंनी झायझरकडे बघितलं. "मिस्त्री, इंजिन तुम्ही उघडलंत. एखादा भाग सदोष आढळला?"

झायझरचे कान लाल झाले. कोपलिन त्याच्या वतीनं म्हणाला, "कामाच्या नोंदीत तसं काही नाही."

"मी मिस्त्रींना विचारलं."

झायझरनं सदऱ्याचं वरचं बटण चाचपलं. "नोंदीत नाही," झायझर म्हणाला. टेबलाला सांगितल्यासारखं.

अर्ध्या तासानं निर्णय. दोन विरुद्ध एक. मालकाच्या वापराचा वाटा नाकारता येत नाही, दोष सिद्ध नाही, दावा अमान्य. तो एक कोण, सांगत नाहीत. मिशीवाला असणार.

बाहेरच्या पॅसेजमध्ये कोपलिननं गाठलं. खरं तर चांगुलपणानंच. "सत्तर टक्के अजून कायम आहेत, माउखसाहेब. माणुसकी म्हणून."

"माणुसकी शंभर टक्के असते, कोपलिन. सत्तर टक्के असतो तो सेल!"

रोझविटानं माझा दंड धरला आणि मला रेल्वेत बसवलं.  रॉटवाइल स्टेशन आलं तेव्हा म्हणाली, "मी तो हात मागे घेते. विकू नकोस."

"हातावर हात मारला होता."

"माझाच हात होता ना!"

"माझाही होता."

बुधवार, ५ जून

काजळीसकट विकणार. काजळी लपवणार नाही.

मंगळवार, ११ जून

जाहिरात दिली. रोझविटानं वाचली. "असं लिहून कोण घेणार?" मी लिहिलं होतं : "एकाच मालकाची. झडपांवर काजळी आहे, कारण वादग्रस्त. चौथ्या सिलिंडरची मात्रा गळते. आवाज, बरी असताना, अप्रतिम."

"अप्रतिम खोड. लोक हसतील."

"हसू देत. तेच तेवढं निर्विवाद आहे."

सोमवार, १७ जून

चार फोन आले. एकानं विचारलं, मात्रा म्हणजे काय? एकानं निम्म्या भावात मागितली, त्याला घालवला. उल्मचा एक दंतवैद्य बरा वाटला. म्हणतो, काजळी काढणं हा माझा धंदाच आहे! शनिवारी दहाला येतो म्हणाला.

मी फार हसलो. मग ठेवलेल्या फोनकडे बघत बसलो.

शुक्रवार, २१ जून

धुतली. आतून-बाहेरून. चाकांच्या फटी जुन्या दातांच्या ब्रशनं. नंबरप्लेट पुसताना वाटलं, याच आकड्यांवर माझी केवढी मदार होती. कोपलिनवर राग नाही. त्याला त्याचे आलेख आहेत. राग आहे तो त्या एका ओळीवर. 'वयस्कर मालक.' ती ओळ त्यांच्या कपाटात कायम राहणार, माझ्या नावासकट, आणि खोडायला मी कुठं जाणार? पण कबूल केली नाही. सत्तर टक्क्यांच्या बदल्यात सही मागितली होती, दिली नाही. हे इथं लिहून ठेवतो म्हणजे मेल्यावर कुणी म्हणू नये की म्हातारा शेवटी नमला.

रोझविटा फडकं घेऊन आली आणि दुसरी बाजू पुसायला लागली.

शनिवार, २२ जून

साडेनऊलाच बेल. दंतवैद्य घाईचा दिसतो, म्हणत कागदपत्रं घेऊन दार उघडलं — झायझर मिस्त्री! सायकलची टोपी डोक्यावर, घामाघूम, हातात बेकरीची कागदी पिशवी. ब्रेत्सेल आणले असतील वाटलं. त्यानं पायपुसण्यावर पाय पुसले, पिशवी दारातल्या चपलांच्या कपाटावर उलटी केली. काळ्या प्लॅस्टिकच्या सात डब्या. झडपांकडे जाणारी तेलाची वाफ गाळणाऱ्या. सातही एकाच जागी तडकलेल्या.

"यंदाच्या वर्षातल्या. फेकायला सांगितल्या होत्या," तो म्हणाला. "सातही मालकांना हेच पत्र, 'वयस्कर'सकट. त्यातली एक मालकीण सव्वीस वर्षांची आहे." मग खिशातून पाना काढला. "आठवी खाली तुमच्या गाडीत आहे. चला."